विटेहून नरम चुना



नल्लकुंटा ह्या नावाचा अर्थ तेलुगूत 'काळे तळे' असा आहे. नल्ल म्हणजे काळे आणि कुंट म्हणजे लहान तळे. ते तळे आता वस्तीत कोठे दिसत नाही. त्या जागी घरे, दुकाने, शिकवण्या आणि दवाखाने यांची दाटी झाली आहे. परंतु ह्या भागातील ज्या जुन्या विटांच्या घरात माझे बिऱ्हाड आहे, त्याच्या भिंती पाहिल्या की खालची जमीन आपला जुना स्वभाव पुरता विसरलेली नसावी असे वाटते. पावसाळा लागला की जोत्यापासून हात-दीड हात ओल चढते, आणि पुढे ऊन पडून ती सुकू लागली की भिंतीवर पांढरा लोणा फुटतो.

काही वर्षांपूर्वी ह्या लोण्याला कंटाळून घरमालकांनी एका कंत्राटदाराला बोलावले. तो म्हणाला, "हा चुन्याचा गिलावा आता कुचकामी झाला. तो खरवडून काढू आणि सिमेंटचा चांगला जाड गिलावा देऊ. वीस वर्षे पाहावे लागणार नाही." मालकांनी माझे मत विचारले. शाळेत मुलांना इतिहास शिकविणाऱ्या माणसाला भिंतीतले काय कळणार? मीही आनंदाने मान डोलावली. पहिले वर्ष छान गेले. दुसऱ्या पावसाळ्यात ओल सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत, म्हणजे खिडकीच्या चौकटीला लागेल इतकी वर चढली. तिसऱ्या वर्षी गिलाव्यावर बोटाने वाजविले तर तो पोकळ वाजू लागला. मग एके दिवशी त्याचा परातीएवढा तुकडा खाली आला, आणि त्याच्या पाठीला विटांचा दर्शनी थरही चिकटून आला. उघड्या पडलेल्या विटांना नख लावले तर लाल भुगा हातात येऊ लागला. शंभर वर्षांच्या लोण्याने जी वीट मोडली नव्हती, ती आमच्या दुरुस्तीने तीन वर्षांत मोडली.

तेव्हा जुन्या शहरातील एका वृद्ध गवंड्याला आम्ही बोलावले. त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि आपल्या दखनी बोलीत तो मला जे म्हणाला त्याचा आशय असा : "मास्टरसाब, घामाने भिजलेल्या अंगावर तुम्ही मेणकापड गुंडाळलेत. आता घाम जाणार कोठे?" आणि जाता जाता त्याने सल्ला दिला की मोठ्या घराचे आजारपण आणि त्यावरचा इलाज पाहायचा असेल तर कोठीला जाऊन या.

कोठी म्हणजे आमच्या हैदराबादेतील जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी. नल्लकुंट्याहून बरकतपुरा, काचीगुडा करीत गेले तर तेथे जाण्यास फारसा वेळ लागत नाही. ह्या कोठीवरूनच तो सारा भाग 'कोठी' म्हणून ओळखला जातो. मी तेथे गेलो, नंतर माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलो, आणि तेव्हापासून जे मनात घोळत आहे ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

ह्या कोठीच्या जन्मकथेत आपण मराठी माणसेही दुरून सामील आहोत. १७९५ च्या मार्च महिन्यात खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजाम अली खानाचा पराभव केला. पुण्याच्या दरबारात त्या विजयाचा मोठा उत्सव झाला. ह्या लढाईत इंग्रज निजामाच्या मदतीस आले नाहीत, म्हणून प्रथम तो फ्रेंच सेनानी रेमंड याच्या पलटणींवर विसंबला. तथापि मराठ्यांचा धाक कायमच होता. १७९८ मध्ये त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला आणि फ्रेंच पलटणी बरखास्त केल्या. हा सारा व्यवहार ज्याच्या हातून घडला तो जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक त्याच सुमारास हैदराबादचा रेसिडेंट झाला. खर्ड्यावर आपण जिंकलो खरे, परंतु त्या विजयाचे फळ अखेर मुसी नदीच्या काठी इंग्रजांच्या ओटीत पडले.

कर्कपॅट्रिक हा मोठा चमत्कारिक पुरुष. तो फारसी उत्तम बोले, हैदराबादी पोशाख करी, निजामाने त्याला 'हशमत जंग' असा किताब दिला होता. खैरुन्निसा नावाच्या खानदानी मुलीशी त्याने विवाह केला, आणि त्यापायी त्याच्यावर वरिष्ठांची चौकशीही ओढवली. ह्या गृहस्थाने नव्या निवासासाठी निजामाकडे नदीकाठची जमीन मागितली. त्याविषयी एक आख्यायिका सांगतात. त्याने जागेचा नकाशा चांगल्या ऐसपैस कागदावर काढून दरबारात सादर केला. निजामाने तो पाहिला आणि मागणी साफ नाकारली. कर्कपॅट्रिक हिरमुसला. तेव्हा दरबारातील एका जाणत्याने त्याला समजाविले की हुजुरांनी आजवर एवढे मोठे नकाशे आपल्या राज्याचेच पाहिले आहेत, आणि तेवढाच नकाशा पाहून इंग्रज आपले राज्य मागतो आहे असे त्यांना वाटले. कर्कपॅट्रिकने तोच नकाशा एका लहानशा कागदावर काढून नेला आणि जमीन तत्काळ मिळाली. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, पुढच्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहता निजामाची पहिली शंकाच अधिक बरोबर होती असे म्हणावे लागते!

१८०३ च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. मद्रास इंजिनिअर्स ह्या पलटणीतील लेफ्टनंट सॅम्युएल रसेल याने आराखडा केला. खर्च निजामाच्या तिजोरीतून झाला. दर्शनी बाजूस पानांच्या नक्षीचे शेंडे असलेले सहा उत्तुंग खांब, वर त्रिकोणी शिरोभागावर ईस्ट इंडिया कंपनीचे राजचिन्ह, चढून जाण्यास रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोहो अंगांस सिंह. आत उंच दरबार दालन, त्याच्या छतावर कागदाच्या लगद्यापासून केलेली रंगीत नक्षी. हे सारे रूप आले कोठून? सोळाव्या शतकात इटलीत आंद्रेआ पॅलादिओ नावाचा स्थपती होऊन गेला. व्हेनिसच्या जमीनदारांसाठी त्याने खेड्यापाड्यांत घरे बांधली. अठराव्या शतकात इंग्लंडच्या उमरावांना त्या घरांचे वेड लागले आणि तेथील ग्रामीण भागात तशी प्रासादतुल्य घरे उभी राहिली. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तेच वेड हिंदुस्थानात आणले. कलकत्त्याचे १८०३ मध्ये पूर्ण झालेले गव्हर्न्मेंट हाउस हे डर्बीशायरमधील केडलस्टन नावाच्या अशाच एका घराच्या नमुन्यावर आहे. कोठीची हवेलीही त्याच कुळातली.

परंतु ह्या कुळाचे एक गुपित आहे. ही घरे पाहणाऱ्याला दगडाची वाटतात, आणि पुष्कळदा ती दगडाची नसतात. पॅलादिओच्या कित्येक घरांचे भव्य खांब साध्या विटांचे आहेत आणि त्यांवर चुन्याचा गिलावा आहे. हैदराबादेतही तेच झाले. इंग्रज अधिकाऱ्याने रेखाटलेली इटालियन धाटणीची ही हवेली वास्तविक आपल्याच मातीची वीट आणि आपल्याच भट्टीचा चुना यांची आहे. मद्रासकडच्या गवंड्यांचा चुना घोटून घोटून संगमरवरासारखा चकाके, अशी त्या काळी ख्याती होती. रसेलचे नाव कागदोपत्री राहिले. ज्यांनी विटा भाजल्या, चुना दळला आणि परांच्यांवर बसून त्या खांबांना घोटून गुळगुळीत केले, त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत. त्यांचे काम मात्र भिंतीवर आहे.

ही हवेली नांदती पाहणे कर्कपॅट्रिकच्या नशिबी फारसे नव्हते. १८०५ च्या ऑक्टोबरात तो कलकत्त्यास वारला. त्याच वर्षी त्याची दोन्ही मुले इंग्लंडला पाठविण्यात आली होती आणि आईची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही. आवारात ह्या हवेलीची एक छोटी प्रतिकृती आहे. खैरुन्निसा पडद्यात असल्याने तिला दर्शनी बाजूस येऊन घर पाहता येत नव्हते, म्हणून नवऱ्याने तिच्यासाठी ती जनान्याच्या बागेत उभारून दिली असे सांगतात. माझ्या विद्यार्थिनी सहा खांबांपुढे जितका वेळ थांबल्या नाहीत तितका ह्या बाहुलीच्या घरापुढे थांबल्या.

पुढे ह्या घराने मोठमोठे प्रसंग पाहिले. १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतला, तो येथील रेसिडेंटामार्फत झालेल्या कराराने. अकोला-अमरावतीच्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे भवितव्य मुसीकाठच्या ह्या दप्तरात ठरले. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. तोफांपुढे तो टिकला नाही. मौलवींना अंदमानात पाठविण्यात आले. तुर्रेबाज खान पुढे मारला गेला. त्यानंतर भोवतीच्या तटबंदीला बुरुजांची जोड मिळाली. रेसिडेन्सीच्या अमलाखालचा बाजार १९३३ मध्ये निजामाकडे परत आला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. त्याच सुलतान बाजाराच्या आसपास मराठी कुटुंबांचा पूर्वीपासून मोठा राबता होता. इंग्रज गेले, आणि १९४९ साली ह्या हवेलीत उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले. ज्या दालनात रेसिडेंटाचा दरबार भरे त्या वास्तूत मुलींचे वर्ग भरू लागले. आज ते महाविद्यालय स्वतंत्र महिला विद्यापीठ झाले असून २०२४ मध्ये त्याला तेलंगणाच्या शेतकरी लढ्यातील चाकली ऐलम्मा हिचे नाव देण्यात आले आहे. एका धोबिणीचे नाव कंपनीच्या राजचिन्हाच्या आवारावर यावे, ह्याला काळाचा न्याय म्हणावयाचे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. विटांचे घर मरते कशाने? वयाने नव्हे, पाण्याने. छपराची एक कौलपट्टी फुटली, पन्हळ तुंबली, तडीत पिंपळाचे बी रुजले, की पाणी आत जाते. लाकडी तुळईचे भिंतीत रोवलेले टोक आधी कुजते, मग छत खचते. कोठीच्या हवेलीची अशीच दुर्दशा झाली होती. २००२ साली न्यूयॉर्क येथील वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड ह्या संस्थेने जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या आपल्या यादीत तिचे नाव घातले. पुढे टप्प्याटप्प्याने दुरुस्ती होत गेली आणि २०२३ च्या जानेवारीत ती पुन्हा खुली झाली. यादीपासून दारे उघडण्यापर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लागला. घर बांधण्यास तीन-चार वर्षे पुरली होती!

इतका काळ लागण्याचे एक कारण पैसा, आणि दुसरे कारण चुना. चुन्याची गोष्ट मी विद्यार्थ्यांना अशी सांगतो. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापविला की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध दगडातून छप्पन किलो कळीचा चुना उरतो, बाकीचा भाग हवेत जातो. ह्या कळीवर पाणी घातले की ती रटरटते, तापते, फुटते आणि विरते. विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवावा लागतो. जितका अधिक मुरेल तितका तो लोण्यासारखा मऊ होतो. मग वाळू आणि भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, घालून तो घाणीत दळायचा. पूर्वी गोल चरात दगडी चाक फिरे आणि रेडा किंवा बैल ते ओढी. काही ठिकाणी त्यात गूळ, बेलफळाचा गर, मेथी, उडदाचे पाणी, हिरड्याचे पाणी, तागाचे तंतू घालीत. प्रत्येक प्रांताची रीत वेगळी आणि प्रत्येक गवंड्याला आपलीच रीत श्रेष्ठ वाटे. शेवटी हा चुना भिंतीवर बसला की हवेतला तोच वायू तो हळूहळू पुन्हा शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. भट्टीत जे सोडले ते भिंतीवर परत मिळविण्यास त्याला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. म्हणून थर पातळ द्यायचे, एक नीट बसल्यावर दुसरा द्यायचा, कडक उन्हात पोती भिजवून झाकायचे आणि वाट पाहायची.

कोठीची हवेली उभी राहिली तेव्हा पोर्टलंड सिमेंट जन्मालाही आले नव्हते. त्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ सालचे. आपल्या देशात विसाव्या शतकात त्याचे कारखाने निघाले. ज्या शहाबादची फरशी महाराष्ट्रातील घराघरांत आहे, तेथेही निजामाच्या राजवटीतच सिमेंट होऊ लागले. मूळ दगड तोच, चुनखडीचा. परंतु त्यात माती मिसळून तो सुमारे १४५० अंशांपर्यंत तापविला की वेगळीच वस्तू तयार होते. ती लवकर घट्ट होते, फार कठीण होते आणि पाण्याला सहजासहजी वाट देत नाही. नव्या पुलांना, धरणांना, लोखंडी सळयांच्या इमारतींना हे गुण वरदान ठरले. त्या उपकाराला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

मात्र हेच गुण जुन्या भिंतीला मारक ठरतात. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र असते. ती जमिनीतून पाणी ओढते, आणि ते पाणी चुन्याच्या गिलाव्यातून व दरजांतून बाहेर पडून सुकते. पाण्याबरोबर येणारे क्षार गिलाव्यात साठतात. तेच ते लोणा. पंचवीस-तीस वर्षांनी गिलावा झिजतो, तो काढून नवा द्यावा लागतो. वीट मात्र शाबूत राहते. भिंतीवर सिमेंट चढविले की पाण्याची वाट बंद होते. ते वर चढते किंवा विटेतच कोंडून राहते, क्षार विटेच्या पोटात फुलतात आणि तिचा चेहरा फोडतात. शिवाय ऊन-पावसाने भिंत किंचित हलते. चुना तिच्याबरोबर हलतो आणि त्याला पडलेली बारीक भेग पुष्कळदा तोच भरून काढतो. सिमेंट हलत नाही. मग जो कमी कठीण त्याने फुटायचे, आणि तशी वीट असते. दुरुस्तीचा पहिला नियम म्हणून असा सांगतात, की दुरुस्तीचा पदार्थ मूळ पदार्थाहून नरम असावा. झीज व्हायचीच असेल तर ती दुरुस्तीची व्हावी, मूळ वस्तूची होऊ नये.

हा धडा एकट्या हैदराबादने गिरविलेला नाही. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले. जुने पाडून 'मूळच्यापेक्षा सुंदर' करण्याच्या हव्यासाविरुद्ध ते उभे राहिले. तरीही पुढे तेथील कित्येक विटांच्या ग्रामीण प्रासादांच्या दरजांत सिमेंट भरले गेले आणि आज ते छिन्नीने हलकेच काढून पुन्हा चुना भरण्यात येत आहे. गोवळकोंड्याच्या कुतुबशाही कबरींवर आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर ह्या संस्थेने २०१३ पासून २०२४ पर्यंत काम केले. तेथेही आधी विसाव्या शतकातील सिमेंट उतरवावे लागले, मग चुना चढला. आणि आम्हा ख्रिस्ती लोकांच्या अंतःकरणाजवळचे उदाहरण म्हणजे जुन्या गोव्यातील बॉम जेजू मंदिर. संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष तेथे आहेत. १६०५ मध्ये पवित्र केलेल्या ह्या जांभ्या दगडाच्या मंदिराचा बाहेरचा चुना १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. उघडा लाल दगड अधिक प्राचीन दिसतो, अशी त्या वेळची आवड. तेव्हापासून जांभा पावसाचा मारा थेट अंगावर घेत आहे. गोव्याचा पाऊस आणि जांभ्याची सच्छिद्रता ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्याचा परिणाम निराळा सांगावयास नको. गेल्या काही वर्षांत गिलावा पुन्हा द्यावा अशी मागणी तेथे होत आहे, तर लाल दगडाचीच सवय जडलेल्या भाविकांना पांढरे मंदिर परके वाटते. एकदा उतरविलेले कातडे पुन्हा चढविणे किती अवघड, हे त्यावरून कळते.

आता एका कठीण प्रश्नाकडे येतो. तो मला माझ्या एका विद्यार्थिनीने कोठीच्या पायऱ्यांवरच विचारला. ती म्हणाली, "सर, आपल्यावर राज्य करणाऱ्यांनी आपल्याच पैशाने बांधलेले हे घर. ते पडले असते तर काय बिघडले असते?" प्रश्न उद्धट नव्हता, प्रामाणिक होता. मी तिला तेथे नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज प्रयत्न करतो.

माझे मूळ गाव वसईकडचे. आम्हां वसईच्या ख्रिस्ती मुलांना हा प्रश्न लहानपणीच भेटतो. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी बांधलेल्या चर्चांच्या भिंती आहेत. छपरे केव्हाच गेली, कमानी उभ्या आहेत. त्याच किल्ल्यावर १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जरीपटका लावला. शाळेत तो धडा शिकताना आमची छाती इतर मुलांइतकीच फुगे, आणि त्या ओसाड वेदीपुढून जाताना आजोबा टोपी काढीत तेव्हा आमचेही हात नकळत जुळत. ह्या दोन गोष्टींत विरोध आहे असे आम्हांस कधी वाटले नाही. राजे कोणाचे होते हे आम्ही विसरलो नव्हतो. परंतु शिंपल्यांचा चुना भाजणारे, दगड वाहणारे आणि शतकानुशतके त्या भिंतींखाली लग्ने लावून मुलांना बाप्तिस्मा देणारे आमचेच पूर्वज होते, हेही आम्ही विसरलो नव्हतो.

म्हणून त्या मुलीला माझे उत्तर असे. बाळ, कोठी ज्या पैशाने उभी राहिली तो निजामाच्या रयतेचा पैसा होता, त्यात मराठवाड्याच्या शेतकऱ्याचाही घाम होता. ती ज्या हातांनी बांधली ते येथल्या गवंड्यांचे हात होते. तिच्या तटावर चालून जाताना जे पडले तेही ह्याच मातीचे. आणि १९४९ पासून आजवर तिच्या छायेत ज्या हजारो मुली शिकल्या, त्यांच्यापैकी कित्येकींच्या घराण्यात त्यांच्या आधी कोणी मुलगी महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती. घर एकदाच बांधले जाते, पण त्याची मालकी पिढ्यापिढ्यांनी बदलते. ते पाडल्याने राज्यकर्त्यांचा अन्याय पुसला जात नाही, त्याचा पुरावा तेवढा पुसला जातो. खर्ड्याच्या विजयाचे काय झाले, वऱ्हाड कसे गेले, तुर्रेबाज खान कशावर तुटून पडला, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या पायऱ्यांवर उभे राहून समजणे वेगळे. तुझा तो प्रश्नसुद्धा तुला पायऱ्यांवरच सुचला, वर्गात सुचला नव्हता.

ह्या कामाला आणखी एक बाजू आहे, ती माणसांची. चुन्याचे काम करणारा गवंडी दुर्मिळ होत चालला आहे. सिमेंटचे पोते फोडून दुपारपर्यंत भिंत उठवता येत असताना, महिनाभर चुना मुरत ठेवणाऱ्याला कोण मजुरी देणार? हा हुन्नर पुस्तकात उतरत नाही. चुना तयार झाला की नाही हे वृद्ध गवंडी थापीवर घेऊन, ती उपडी करून, तो किती वेळ चिकटून राहतो यावरून ठरवितो. कोठीसारखे एखादे मोठे काम निघाले की अशा दहा-वीस हातांना पुन्हा काम मिळते आणि त्यांच्याजवळ उभे राहून तरुण मुले शिकतात. वास्तू वाचली तर तिच्याबरोबर विद्याही वाचते. ती विद्या मेली तर पुढच्या खेपेस पैसा असूनही दुरुस्ती करणारा सापडणार नाही.

ज्यांची आजोळची घरे, वाडे, जुनी देवळे किंवा चर्चे विटा-चुन्याची आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. आधी छपराकडे आणि पन्हळींकडे पाहा, कारण नव्वद टक्के दुखणे वरूनच येते असे आमचा गवंडी म्हणतो. जोत्याभोवती पाणी साचू देऊ नका. भिंतीत उगवलेले रोप बोटाएवढे असतानाच काढा. आणि कोणी सिमेंटचे पोते घेऊन दाराशी आला तर त्याला बसवा, चहा द्या, परंतु काम सुरू करण्यापूर्वी एखाद्या जाणत्याला विचारा. आम्ही ते विचारले नाही, त्याचा दंड त्या विटांनी भरला.

आमच्या नल्लकुंट्याच्या घराचे पुढे काय झाले हे सांगून थांबतो. त्या वृद्ध गवंड्याने सारे सिमेंट छिन्नीने उतरविले आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. घर त्या काळात फार कुरूप दिसत होते, पाहुण्यांना कारण सांगून सांगून मी थकलो. मग मोडलेल्या विटा काढून जुन्या पाडकामातील तशाच विटा त्याने बसविल्या आणि चुन्याचे तीन थर दिले. पावसाळ्यानंतर जोत्याजवळ पुन्हा थोडा लोणा दिसला. मी घाबरून त्याला बोलावणे पाठविले. तो आला, त्याने कोरड्या कुंचल्याने ती पांढरी पूड झाडून टाकली, आतली वीट नखाने वाजवून पाहिली आणि म्हणाला, "हे बाहेर येते आहे, मास्टरसाब. बाहेर येते आहे तोवर काळजी नाही."

(नभोवाणीवरील भाषण)